दक्षिणेकडे बघणारा डोळा

८ जुलै १९८४, रविवार. काम: जिन्यातल्या जाळीला डबा बसवणे. वेळ: नवरा जेवून आडवा व्हायच्या आत, कारण शिडी धरायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

डबा हिंगाचा होता. पिवळ्या प्लास्टिकचा, मोठा, आम्हीच वापरून रिकामा केलेला. पत्र्याची चांगली पेटी मिळाली असती, पण पत्रेवाला आठवडा लावणार होता आणि माझ्याकडे आठवडा नव्हता. डब्यात एक सर्किट होतं: छोटा ट्रान्सफॉर्मर, दोन ट्रान्झिस्टर, एक रिले, एक कंडेन्सर आणि चार-दोन रेझिस्टर. झाकणाला भोक पाडून त्यातून एक डोळा बाहेर काढलेला. डोळा हा आमचा कारखान्यातला शब्द. शर्टाच्या बटणाएवढी चकती असते ती. तिच्यावर उजेड पडला की तिच्यातून वीज सहज जाते, अंधार झाला की अडते. एवढ्यावरून सर्किटला बाहेर दिवस आहे की रात्र हे कळतं, आणि रिले टक्‌ करून दिवे लावतो किंवा घालवतो. माणसाने बटणाला हात लावायचा नाही.

हात लावण्यावरूनच सगळं रामायण होतं. वाशीतल्या आमच्या चार मजली बिल्डिंगच्या जिन्यात प्रत्येक मजल्यावर एक बल्ब आणि सगळ्यांचं मिळून एकच बटण, तेही तळमजल्यावर सेक्रेटरींच्या दाराशी. संध्याकाळी बटण दाबायला प्रत्येक जण उत्सुक असायचा, सकाळी बंद करायला कोणी नाही. सेक्रेटरी मुलीकडे दादरला गेले की ते परत येईपर्यंत दिवे रात्रंदिवस जळायचे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये यावर इतकी भांडणं झाली की पाण्याच्या टाकीचा विषय तीनदा राहून गेला.

मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका लहान कारखान्यात सोल्डरिंगला होते. आम्ही सात-आठ बायका एका लांब टेबलाशी बसून दिवसभर सर्किटांना टाके घालायचो. आमच्या टेबलाला खिडकी नव्हती. सोल्डरचा धूर सरळ नाकात जायचा आणि घरी गेल्यावर माझ्या केसांना असा वास यायचा की सासूबाई मला आधी अंघोळीला पाठवायच्या आणि मग बोलायच्या. समोर खिडकीशी, पंख्याखाली, टेस्टिंगचं टेबल होतं. तिथला माणूस जूनमध्ये नोकरी सोडून आखातात गेला आणि ते टेबल रिकामं झालं.

मला ते टेबल हवं होतं. त्यात काही मोठी स्वप्नं वगैरे नव्हती. खिडकी हवी होती, पंखा हवा होता, आणि टाका घालून झाल्यावर ती वस्तू चालते की नाही हे बघायला मिळावं एवढीच इच्छा होती. मी मालकांना तसं सांगितलं. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. साहेब म्हणाले की टेस्टिंगला नुसते हात चालत नाहीत, डोकं लागतं, आणि एक डिप्लोमावाला मुलगा सोमवारी दुपारी भेटायला येणार आहे. मग म्हणाले, तो दिव्यांचा डबा तुमच्या जिन्यात लावून दाखवा. रविवारी संध्याकाळी मी स्वतः बघायला येतो. नीट चालला तर बोलू.

डब्याची कल्पना साहेबांचीच. वीज वाचवण्याचं त्यांना वेड होतं. वर्षभर आधी त्यांनी टाळीवर लागणारा दिवा तयार केला होता. एक टाळी वाजवली की दिवा लागायचा, दुसरीला जायचा. तोही मी आमच्या जिन्यात लावून बघितला होता. सेक्रेटरी दारात उभे राहून तंबाखू मळायचे. चुना लावून मळून झाली की तळहातावर थाप मारून भुकटी उडवायची त्यांची सवय. प्रत्येक थापेला चारही मजल्यांवरचे दिवे लागायचे किंवा जायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई दळणाचा डबा घेऊन जिन्यात अंधारात उभ्या राहून वरून ओरडायच्या की सेक्रेटरी, अजून एक थाप मारा. ते सर्किट आठ दिवसांत परत गेलं. साहेबांनी तेव्हा ठरवलं की दिव्याला कान द्यायचा नाही, डोळा द्यायचा.

तर त्या रविवारी नवऱ्याने शिडी धरली. तो बँकेत होता. शिडी धरताना त्याने मला स्क्रू कसा फिरवायचा हे तीन वेळा सांगितलं आणि तीनही वेळा मी त्याला शिडीकडे लक्ष द्यायला सांगितलं. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर भिंतीला सिमेंटची जाळी होती, आणि जिन्याला बाहेरचा उजेड काय तो तिथूनच मिळायचा. मी डबा जाळीला तारेने बांधला आणि डोळ्याचं तोंड बाहेर केलं, आकाशाकडे. आतल्या बल्बकडे त्याची पाठ असायला हवी होती. कारण उघड आहे. डोळ्याला बल्ब दिसला तर तो म्हणणार दिवस झाला, आणि दिवा घालवणार. दिवा गेला की म्हणणार रात्र झाली, आणि लावणार. मग पुन्हा दिवस. हे मी नवऱ्याला समजावून सांगितलं. सासूबाईंना सांगितलं नाही. त्या तेव्हा तांदूळ निवडत होत्या आणि त्यांचा सर्किटांशी काही संबंध येईल असं मला वाटलं नव्हतं.

सेक्रेटरींनी बटण कायमचं चालू केलं आणि त्यावर चिकटपट्टी लावली. चिकटपट्टी लावताना ते जरा गंभीर झाले होते. इतकी वर्षं ते बटण त्यांच्या दाराशी होतं. मी जाळीवर ओलं फडकं टाकून बघितलं. चारही दिवे लागले. फडकं काढलं, गेले. नवरा म्हणाला, झालं तर मग, आणि झोपायला गेला.

दुपारी तीनच्या सुमाराला खाडीकडून ढग आला. जुलैचा ढग, काळाकुट्ट. घरात भांडी दिसेनात. टक्‌ आवाज झाला आणि जिन्यातले दिवे लागले. मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि खूश झाले. डबा अगदी बरोबर वागला होता.

दुसऱ्या मजल्यावरचं आमचं दार उघडं होतं. सासूबाई दाराशी बसल्या होत्या. दिवा लागताच त्यांनी हात जोडले, तोंडाने पुटपुटून झालं, आणि त्या उठून देवघरात निरांजन लावायला गेल्या. आमच्याकडे दिवा लागला की हात जोडायची रीत, मग तो समईचा असो की साठ वॅटचा. मीही जोडते. कारखान्यातसुद्धा साहेब संध्याकाळी ट्यूबलाइटचं बटण दाबून हात जोडायचे आणि आम्ही सगळ्या तापलेली सोल्डरिंग गन बाजूला ठेवून जोडायचो. त्यात काही विशेष नाही. पण सासूबाईंचं तिथे थांबत नसे. त्या रत्नागिरीकडच्या. दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही, मीठ उसनं द्यायचं नाही, घरातून पैसा बाहेर काढायचा नाही, ही सगळी कलमं त्या पाळत आणि पाळायला लावत. कामवाली खोली झाडत होती. तिला त्यांनी केरसुणी खाली ठेवायला सांगितली. अर्धा केर खोलीच्या मधोमध राहिला. कामवालीने वाद घातला नाही. ती घरी गेली.

तेवढ्यात सारसोळे गावची कोळीण आली, तिला आम्ही मावशी म्हणायचो. ती दर आठवड्याला डोक्यावर पाटी घेऊन यायची. पावसाळ्यात होड्या बंद, म्हणून खाडीतल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आणायची. सासूबाईंना चिंबोऱ्या जीव की प्राण. एकादशी तोंडावर आलेली, मग चातुर्मास. त्या सकाळपासून मावशीचीच वाट बघत होत्या. मावशीने पाटी उतरवली. सासूबाईंनी पाटीकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं, आणि सांगितलं की दिवे लागले, आता पैसे देता यायचे नाहीत, उद्या ये.

मावशीने मान वर करून दिव्याकडे बघितलं.

"आये, सांज कंची? आता जेवून निघालंय मी."

"दिवा लागलाय ना गो?"

"दिवा येडा झाला आसंल. सूर्य काय येडा नाय झाला."

सासूबाई ऐकेनात. मी मध्ये पडून सांगितलं की हा यंत्राचा दिवा आहे, ढगाने लागलाय, पैसे मी देते. तर त्या म्हणाल्या की घर एकच आहे, पैसा कोणाच्याही हातून गेला तरी बाहेरच जातो. मावशीने पाटी उचलली. म्हणाली, सेक्टरात फिरून संध्याकाळी परत येते, तोवर तुमची सकाळ झाली तर बघा.

ती खाली पोचेपर्यंत ढग सरकला, ऊन पडलं आणि दिवे गेले.

याने सासूबाई फार अस्वस्थ झाल्या. आता ही संध्याकाळ झाली होती की नव्हती? झाली असेल तर आता लख्ख ऊन कसलं? नसेल तर निरांजन कशाला लावलं, आणि लावलेलं विझवायचं कसं? शिवाय खरी संध्याकाळ झाली की पुन्हा लावायचं का? एका दिवसात दोन संध्याकाळी त्यांच्या आयुष्यात कधी झाल्या नव्हत्या. त्यांनी माझ्या नवऱ्याला उठवून विचारलं. तो कूस बदलून म्हणाला की आई, एक राखीव धर. मी शिरा करायला घेतला होता, कारण साहेब येणार होते. मी सांगितलं की आई, थोडं चालायचंच, पहिला दिवस आहे. त्यांनी विचारलं, तो हिंगाचा डबा कुठे लावलाय? मी म्हटलं, वळणावर, जाळीला. आणि रवा करपू नये म्हणून कढईकडे वळले.

सहा वाजून गेले. पाऊस नव्हता, आभाळ मळकट होतं. मी साडी बदलली, नवऱ्याने शर्ट घातला. मी बशा काढत होते तेव्हा टक्‌ आवाज झाला. मी मनात म्हटलं, थोडा लवकर लागला, पण ठीक आहे. मग पुन्हा टक्‌. मग पुन्हा.

मी बाहेर आले तर जिन्यातले दिवे लागत होते आणि जात होते. भराभर नाही, सावकाश. विजेच्या लखलखाटाने फसू नये म्हणून साहेबांनी त्यात कंडेन्सर घातला होता. त्यामुळे डबा एक दीर्घ श्वास घेईपर्यंत थांबायचा आणि मग निर्णय घ्यायचा. एक श्वास उजेड, एक श्वास अंधार. नेमका हात जोडून खाली सोडण्याएवढा वेळ.

सासूबाई दारात उभ्या होत्या आणि प्रत्येक वेळी हात जोडत होत्या. दिवा लागला, जोडले. गेला, सोडले. लागला, जोडले. त्यांचं तोंडातलं पुटपुटणं दर वेळी पहिल्या ओळीवरच अडकत होतं. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई बाहेर आल्या, त्यांनीही सुरू केलं. वरून दोघं-तिघं उतरत होते ते पायरीवर थबकले, कारण हात जोडल्यावर कठडा धरता येत नाही. खालून सेक्रेटरी वर आले. त्यांच्या डाव्या हातात मळलेली तंबाखू होती. तंबाखूसकट हात जोडावेत की आधी तोंडात टाकावी हे त्यांना ठरवता येईना. ठरेपर्यंत दिवा जायचा.

ते मला म्हणाले, "वहिनी, एकदाच जोडले तर चालेल का? सगळ्याचे मिळून?"

वरून कोणीतरी म्हणालं की दिवा गेला की नमस्कार रद्द होतो, पुन्हा करावा लागतो. समोरच्या बाई म्हणाल्या की रद्द कसा होईल, पोचलेला असतो. यावर दोन पक्ष पडले आणि दोन्ही पक्ष वाद घालताना हात जोडतच होते. नवरा म्हणाला की तेरा झाले. तो मोजत होता, बँकेतला माणूस.

आणि अशा वेळी खाली साहेबांची स्कूटर थांबली.

साहेब रेनकोट घालून, काखेत बॅग धरून जिना चढू लागले. पहिल्या मजल्यावर दिवा लागला. त्यांनी सवयीने हात जोडले, बॅग पडली. वाकून उचलली, दिवा गेला. दोन पायऱ्या चढले, दिवा लागला, हात जोडले, बॅग पडली. मी वरून बघत होते. मला टेस्टिंगचं टेबल दिसत होतं आणि त्या टेबलाशी एक डिप्लोमावाला मुलगा खिडकीतून बाहेर बघत बसलेला दिसत होता.

साहेबांच्या मागोमाग मावशी चढत होती. कबूल केल्याप्रमाणे ती परत आली होती. दिवे बघून ती पायरीवरच बसली आणि पाटी मांडीवर घेऊन म्हणाली की आता तर यांची दर घटकेला सांज व्हायला लागली. पाटी कलली असावी. चिंबोऱ्यांच्या नांग्या ती सुंभाने बांधून आणायची, पण एकीचं सुंभ सुटलं होतं. ती चिंबोरी खाली उतरली.

अशा दिव्यात चिंबोरी चालताना दिसत नाही. उजेड पडला की ती एका जागी असते. अंधार होतो, पुन्हा उजेड पडतो, तेव्हा ती दुसऱ्या जागी असते, जास्त जवळ. साहेबांना ती आधी दोन पायऱ्या खाली दिसली. मग एक पायरी खाली. मग त्यांच्याच पायरीवर. दर वेळी त्यांचे हात जोडलेले होते, त्यामुळे बाजूने बघणाऱ्याला वाटावं की ते चिंबोरीला नमस्कार करताहेत. शेवटच्या उजेडात ती त्यांच्या बुटावर होती.

"बाई," साहेब शांतपणे म्हणाले, "तो डबा बंद करा."

मी सेक्रेटरींना बाजूला सारून तळमजल्यावर धावले, चिकटपट्टी ओरबाडली आणि बटण बंद केलं. जिना अंधारात गेला. संधिप्रकाश होता, माणसं ओळखू येत होती. मावशीने चिंबोरी साहेबांच्या बुटावरून उचलली, सुंभ बांधलं आणि लगेच सासूबाईंना म्हणाली, "आये, आता दिवा नाय. काढ पैसे, बिगी बिगी." सासूबाईंनी कमरेचा बटवा काढला. व्यवहार अंधारात पूर्ण झाला. त्यावर कोणीही हरकत घेतली नाही.

नवरा बॅटरी घेऊन आला. मी जाळीपाशी शिडी लावायला गेले, तर शिडी आधीच तिथे होती. डबा जागेवर होता, पण डोळ्याचं तोंड फिरलं होतं. जाळीकडे पाठ, बल्बकडे तोंड. तार नीट सोडून, पुन्हा नीट बांधलेली, वर सुबक गाठ. अशी गाठ आमच्या घरात एकच माणूस मारतं.

मी काही विचारायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "मी फिरवला. सेक्रेटरींनी शिडी धरली."

सेक्रेटरींनी तंबाखू तोंडात टाकली आणि ते जाळीबाहेर बघू लागले.

"पण का, आई?"

"दक्षिणेला तोंड होतं त्याचं. दिव्याचं तोंड दक्षिणेला करतात का कधी? म्हणूनच दुपारी असा वेड्यासारखा वागला. मी उत्तरेला केलं."

मी सांगितलं की आई, हा दिवा नाही. दिवा वर आहे. हा नुसता डोळा आहे, तो फक्त बघतो.

"मग डोळ्याने तरी दिवसभर यमाकडे का बघत बसायचं?" सासूबाई म्हणाल्या.

जाळी दक्षिणेलाच होती. ज्यांनी बिल्डिंग बांधली त्यांनी डोळ्याची किंवा यमाची सोय बघितली नव्हती.

मी साहेबांकडे वळून सांगितलं की डबा बरोबर आहे, फक्त तोंड फिरवलंय, मी आत्ता बाहेर करून दाखवते. साहेब उभ्या उभ्याच विचार करत होते. मला वाटलं, हसतील आणि म्हणतील दाखवा. ते म्हणाले, "आईंचं बरोबर आहे."

मला वाटलं ते वयाचा मान ठेवताहेत. तसं नव्हतं. ते खरोखरच पटून बोलत होते. त्यांनी सांगितलं की त्यांच्या कारखान्यातल्या देवापुढची समईसुद्धा पूर्वेला तोंड करून असते, मी बघितली असेलच. आणि उद्या हे डबे विकायला गेलं की प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक आई असणार. कागदावर कितीही छापून दिलं की तोंड आकाशाकडे करा, ती दुपारी शिडी मागवून ते फिरवणार. आपण आयांना बदलू शकत नाही. डबा बदलावा लागेल. कुठेही तोंड केलं तरी चालला पाहिजे, अगदी बल्बकडे केलं तरी.

"ते कसं करायचं, साहेब?" मी विचारलं.

"तेच बघायचंय," साहेब म्हणाले. "तो मुलगा उद्या दुपारी येतोच आहे."

मग ते आत आले आणि दोन बशा शिरा खाल्ला. सासूबाईंनी त्यांना बसवून घेऊन दक्षिण दिशेविषयी बरंच सांगितलं आणि त्यांनी ऐकून घेतलं. मी डब्याबद्दल एकदा बोलायचा प्रयत्न केला, पण तोवर विषय समईत वाती किती असाव्यात इथवर गेला होता. जाताना साहेबांनी सासूबाईंना वाकून नमस्कार केला. मला म्हणाले, उद्या डबा घेऊन या, इथे ठेवू नका, लोक पडतील जिन्यात.

मी डबा काढून आणला आणि ओट्यावर ठेवला. एकीकडे सासूबाई चिंबोऱ्या साफ करत होत्या, एकीकडे मी वाटण वाटत होते. मनात म्हटलं तर राग होता, पण राग कोणावर काढायचा हे ठरत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या की तुझे साहेब समजूतदार आहेत हो. मी वाटण जोरात वाटलं.

सासूबाईंना कमी ऐकू येतं असं नवऱ्याचं मत होतं. माझं मत वेगळं होतं. त्यांना सगळं ऐकू येतं, पण एकदा मनात पक्कं झालं की बारीकसारीक आवाजाने त्या बदलत नाहीत. दार आपटण्याएवढा आवाज लागतो. जेवणाची पानं घेताना नवरा त्यांना काहीतरी तीनदा म्हणाला, त्या ढिम्म. चौथ्यांदा ओरडला तेव्हा त्यांनी मान वर केली. मी आमटीची पळी हातात धरून तशीच उभी राहिले. डब्यालाही हेच शिकवायला हवं होतं. एकदा दिवा लावला की मग बल्बएवढ्या उजेडाने त्याने हलायचं नाही. तेवढा खपवून घ्यायचा. सकाळचा खरा उजेड आला, बल्बच्या कितीतरी पट, तरच मान वर करायची. म्हणजे दिवा लागल्यानंतर सर्किटमध्ये एक रेझिस्टर वाढला पाहिजे आणि दिवा गेला की निघून गेला पाहिजे. तो कोण घालणार आणि कोण काढणार? रिले. रिलेला संपर्काच्या दोन जोड्या असतात. एका जोडीवर आम्ही दिवे चालवत होतो. दुसरी रिकामी होती. इतके दिवस मी तिच्या रिकाम्या पायांना, म्हणजे तळाच्या पिनांना, हात न लावता टाके घालत होते, कारण सर्किटच्या नकाशात तिथे काही काढलेलं नव्हतं.

नवरा म्हणाला, आमटी वाढतेस की नुसती दाखवतेस. मी वाढली. चिंबोऱ्या उत्तम झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या आधीची बस धरली. कारखान्यात वॉचमन सोडून कोणी नव्हतं. मी माझ्या जागेवरून सोल्डरिंग गन आणि स्टूल उचललं आणि टेस्टिंगच्या टेबलाशी जाऊन बसले. कोणाला विचारलं नाही, विचारायला कोणी नव्हतंच. डब्यातल्या रिलेच्या रिकाम्या पायांतून एक रेझिस्टर घातला. मग कोपऱ्यातलं एक मोठं खोकं आणलं, त्यात डबा ठेवला, डोळ्यासमोर हातभर अंतरावर डब्याला जोडलेला बल्ब लटकवला, आणि खोक्याची झाकणं मिटली. आत टक्‌ झालं. फटीतून उजेड दिसला. मी वाट बघितली. पुन्हा टक्‌ झालं नाही. झाकणं उघडून खोकं खिडकीकडे केलं, दिवा गेला. मिटली, लागला, आणि तसाच राहिला. पहिल्या दोन रेझिस्टरांनी जमलं नव्हतं, तिसऱ्याने जमलं.

बायका आल्या आणि मी कुठे बसलेय ते बघून आपापल्या जागी गेल्या. मग साहेब आले. त्यांनी मला बघितलं, खोकं बघितलं, बॅग खाली ठेवली आणि काही न बोलता खोक्यात डोकं घातलं. मी त्यांच्या मानेभोवती झाकणं जमतील तेवढी मिटली. टक्‌ झालं. ते बराच वेळ तसेच वाकून उभे होते. आमच्यापैकी एकीने मला खूण करून विचारलं की काय झालं. मी खांदे उडवले.

"उत्तरेला केलंत?" आतून आवाज आला.

"बल्बकडे केलंय, साहेब. डोळ्यासमोर."

"हं." मग खोकं म्हणालं, "त्या मुलाला विक्रीवर घालू. त्याच्याकडे मोटारसायकल आहे."

मी झाकणं अजून थोडी मिटून धरली.

"आणि बाई, हे टेबल उंच आहे. तुमचं स्टूल इथे चालायचं नाही."

मी माझं बुटकं स्टूल लांब टेबलाशी परत नेऊन ठेवलं, भिंतीपाशी पडलेलं उंच स्टूल पुसलं, ओढून घेतलं, आणि पंख्याचं बटण दाबलं.